रोलरकोस्टर उभा राहताना

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दरूप)

माझी सगळी नोकरी पूल आणि रस्ते बांधण्यात गेली. पूल बांधणाऱ्या माणसाची एक साधी इच्छा असते. वरून जाणाऱ्याला आपण पुलावर आहोत हे कळूसुद्धा नये. एसटीतला प्रवासी डुलकी घेत नदी ओलांडून गेला, की आमचं काम झालं. म्हणूनच असेल, रोलरकोस्टर या प्रकाराकडे मी बरीच वर्षं जरा नाक मुरडूनच पाहत होतो. पोलाद तेच, पाया तसाच, नट-बोल्टही तेच; हेतू मात्र अगदी उलटा. इथं वरून जाणाऱ्यानं किंचाळलं पाहिजे!

माझं हे मत बदललं २०२३ च्या ऑगस्टमध्ये. माझी मुलगी इंग्लंडमध्ये डर्बीला असते. तिथून तासाभराच्या अंतरावर स्टॅफर्डशायर परगण्यात ऑल्टन टॉवर्स नावाचं मोठं मनोरंजन उद्यान आहे. मुळात ही एका उमरावाची गढी. वाड्याचे पडके बुरूज अजून उभे आहेत, भोवती जुनी बाग आहे, आणि त्या बागेच्या पलीकडे झाडांच्या आडून माणसांच्या किंकाळ्या ऐकू येतात. नात आईला घेऊन एका रांगेत उभी राहिली. रांग तासाभराची. मी फिरत फिरत एका कुंपणापाशी गेलो, आणि तिथंच थांबलो.

कुंपणाच्या फटीतून खाली मोठा खड्डा दिसत होता. कातळ फोडून केलेला, आपल्याकडच्या दगडाच्या खाणीसारखा. खड्ड्यात खांब उभे होते, क्रेन होती, आणि काळ्या रंगाचे, त्यावर लाल शिरा रंगवलेले रुळांचे वळसे अर्धवट जोडलेले दिसत होते. एक वळसा हवेतच संपला होता. त्याच्या टोकाच्या फ्लँजमध्ये बोल्टांची रिकामी भोकं होती. पुढचा तुकडा यायचा होता. असं हवेत संपलेलं टोक दिसलं, की पूलवाल्याचे पाय हलत नाहीत. नात परत येऊन हात ओढेपर्यंत मी तिथंच होतो. ‘‘आजोबा, हा तर बंद आहे,’’ ती म्हणाली. तिच्या दृष्टीनं बंद. माझ्या दृष्टीनं तेवढाच चालू होता.

त्या रोलरकोस्टरचं नाव नेमेसिस. ग्रीक पुराणातली ही सूड उगवणारी देवता. तो पहिल्यांदा उभा राहिला १९९४ साली, आणि त्याच्या उभारणीची गोष्ट सांगण्यासारखी आहे.

ऑल्टन टॉवर्सच्या परिसरात बांधकामावर एक कडक अट आहे. झाडांच्या शेंड्यांच्या वर काही दिसता कामा नये. आता रोलरकोस्टरची सगळी मिजास उंचीवर. अमेरिकेत तेव्हा दोनशे फुटांच्या वर चढाओढ चालली होती. इथं झाडांच्या वर जायची सोय नाही. उद्यानाचं काम पाहणारे जॉन वॉर्डली हे गृहस्थ मूळचे चित्रपटांतल्या करामतींचे कारागीर. जेम्स बाँडच्या चित्रपटांत त्यांनी काम केलेलं. आधीच्या दोन योजना त्यांनी मोडीत काढल्या, कारण त्या जातीची नमुन्याची गाडी स्वतः बसून पाहिल्यावर त्यांना ती संथ आणि कंटाळवाणी वाटली. मग १९९२ साली अमेरिकेत एक नव्या तऱ्हेचा रोलरकोस्टर सुरू झाला. यात रूळ डोक्यावर असतो आणि आसनं त्याला खाली टांगलेली. पाय मोकळे लोंबतात. हा प्रकार स्वित्झर्लंडच्या बोलिगर आणि माबियार या दोन अभियंत्यांच्या कंपनीनं काढलेला. वॉर्डली यांनी तोच घ्यायचं ठरवलं. आणि वर जाता येत नाही तर खाली जाऊ, म्हणून सुरुंग लावून खडक फोडला.

याचा परिणाम बघा. जमिनीपासून नेमेसिसची उंची जेमतेम १३ मीटर, म्हणजे आपल्याकडच्या चार मजली इमारतीइतकी. पण सर्वांत उंच आणि सर्वांत खोल जागेतला फरक सुमारे ३२ मीटर. लांबी ७१६ मीटर. चार वेळा माणूस उलटा होतो. वेग ताशी ८१ किलोमीटरच्या आसपास. हा वेग कागदावर पाहिला तर कोणी भुवई उंचावणार नाही. द्रुतगती मार्गावर आपली मोटार याहून जोरात धावते. पण लोंबत्या पायांपासून थोड्याच अंतरावरून कातळ सरकतो तेव्हा ८१ चे दोनशे वाटतात. अडचणीतून निघालेली युक्ती हीच त्याची खासियत ठरली.

आता हा वेग येतो कुठून? रोलरकोस्टरच्या गाडीला बहुधा इंजिन नसतं. साखळी तिला एकदा माथ्यावर ओढून नेते आणि सोडून देते. पुढचं सगळं पृथ्वी करते. वाण्याकडून महिन्याचा किराणा भरावा तशी उंची एकदाच भरून घ्यायची आणि पुढे पुरवून पुरवून वापरायची. ३२ मीटर खाली आलेल्या वस्तूचा वेग हिशेबानं ताशी ९० किलोमीटर निघतो. प्रत्यक्षात मिळतात ८१, कारण चाकांचं घर्षण आणि हवेचा अडथळा आपला वाटा घेतात. म्हणून प्रत्येक चढ आधीच्यापेक्षा थोडा ठेंगणा ठेवावा लागतो. उधारी नाही. हिशेब चुकला तर गाडी मधल्याच खोलगट भागात अडकून झोके घेत बसते, आणि लोकांना शिडी लावून उतरवावं लागतं. गंमत अशी, की थंडीत वंगण घट्ट होतं, चाकं गार असतात, तेव्हा गाडी सावकाश जाते; दुपारपर्यंत तीच गाडी तरतरीत होते. समोरून वारा आला की पुन्हा मंदावते. आखणी करणाऱ्याला सर्वांत मंद आणि सर्वांत वेगवान अशा दोन्ही गाड्यांचा विचार करावा लागतो. ही वाऱ्याची गोष्ट लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

उलट्या फेरीचं, म्हणजे लूपचं, गणित आणखी मजेशीर आहे. आपण चित्र काढायला बसलो तर गोल वर्तुळ काढू. १८९५ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडमध्ये एकानं तसाच गोल लूप बांधला. लोक बसले, आणि मान धरून उतरले. का? गाडी वर्तुळाच्या माथ्यावरून पडणार नाही एवढा किमान वेग तिला हवा असेल, तर तळाशी वळताना माणसाला आपल्या वजनाच्या सहापट भार सोसावा लागतो. हे घर्षण सोडून केलेलं शाळकरी गणित आहे, पण निकाल खोटा नाही. माणसाचं डोकं साधारण पाच किलोचं. ते एका क्षणात तीस किलोचं होतं, आणि तेही सपाट रुळावरून अचानक. मान काय करणार?

यावरचा तोडगा १९७६ साली कॅलिफोर्नियात मॅजिक माउंटन उद्यानातल्या रोलरकोस्टरवर वापरला गेला. वेर्नर श्टेंगेल या जर्मन अभियंत्यानं लूप गोल न ठेवता थेंबासारखा केला. तळाशी वळण सैल, माथ्यावर आवळलेलं. भार हळूहळू चढतो, हळूहळू उतरतो. या वक्राला क्लोथॉइड म्हणतात. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत सरळ बसलो. कारण हा तर आमचा रोजचा वक्र! सरळ रस्ता एकदम वळणात घालायचा नाही, मध्ये हळूहळू आवळत जाणारा तुकडा टाकायचा, हे आम्ही प्रत्येक घाटात आणि आगगाडीवाले प्रत्येक वळणावर करत आलो आहोत. त्याला आम्ही संक्रमण वक्र म्हणतो. चालकाला स्टिअरिंग एकदम झटकावं लागू नये म्हणून. तोच वक्र उभा केला आणि माणसाची मान वाचली. आता रोलरकोस्टरकडे नाक मुरडणं मला अवघड झालं.

नव्या रोलरकोस्टरमध्ये आणखी एक बारकावा असतो. गाडी पिळली जाते तेव्हा ती रुळाभोवती फिरत नाही, बसलेल्या माणसाच्या छातीभोवती फिरते. म्हणजे छाती शक्यतो सरळ वाटेनं जाते आणि रूळच तिच्याभोवती वाकडातिकडा नाचतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, या वेड्यावाकड्या रुळावर माणसाचा चोळामोळा होत असेल. वेडावाकडा रूळ असतो तो माणूस सुखरूप राहावा म्हणून.

प्रत्यक्ष बांधकाम मात्र अगदी आमच्यासारखं. आधी जमिनीची तपासणी, मग पाया. काँक्रीटमध्ये अँकर बोल्ट रोवायचे, ते साच्यात धरून, कारण इथं चूक मिलिमीटरमध्ये मोजतात. खांबाचा तळ एका बोटाएवढा सरकला तर तो फरक वर टोकाला कितीतरी वाढतो, आणि रुळाचे तुकडे तर कारखान्यातून वाकवून, वेल्डिंग करून, रंगवून तयार आलेले असतात. जागेवर ठोकून बसवायची सोय नाही. प्रत्येक तुकडा वेगळा, प्रत्येकाला क्रमांक. क्रेननं उचलायचा, फ्लँजला फ्लँज भिडवायची, निमुळत्या सळईनं भोकं जुळवायची आणि बोल्ट घालायचे. बोल्ट नुसते घट्ट करून चालत नाहीत. किती ताण दिला ते दाखवणारा टॉर्क रेंच असतो, त्यानं ठरलेल्या ताणापर्यंत आवळायचे. मग नट आणि फ्लँज यांच्यावरून रंगाची एक रेघ ओढायची. पुढे कधी नट फिरला, तर रेघ तुटलेली दिसते. रोज सकाळी रुळावरून चालत जाणारा माणूस या रेघा पाहत जातो. किती स्वस्त युक्ती! एका ब्रशाची किंमत.

सर्वांत कठीण शेवटचा तुकडा. दोन्ही बाजूंनी आलेली टोकं भेटवायची. आम्ही पुलाचा शेवटचा गर्डर बसवताना पहाटेची वेळ धरायचो, कारण पन्नास मीटरचं पोलाद वीस अंशांनी तापलं तर बारा मिलिमीटर वाढतं, आणि बोल्टाच्या भोकात तेवढी ढिलाई नसते. दुपारी न बसणारा गर्डर पहाटे पाचला बिनबोभाट बसतो. रोलरकोस्टरवाल्यांनाही सूर्याशी असाच समझोता करावा लागत असणार.

आता प्रश्न असा, की १९९४ साली बांधलेला चांगला नेमेसिस २०२३ साली पुन्हा का उभारत होते? तर पोलादाचा थकवा. एक तार आपण हातानं एकदा वाकवली तर तुटत नाही. पन्नासदा मागे-पुढे वाकवली तर तुटते. प्रत्येक वेळी जोर तेवढाच असतो, पण आत सूक्ष्म तडा वाढत जातो. रुळाचंही तेच. समजा, दिवसाला तीनशे फेऱ्या आणि वर्षाला दोनशे दिवस धरले, तर वर्षाच्या साठ हजार फेऱ्या होतात. अठ्ठावीस वर्षांत सोळा-सतरा लाख. दर फेरीला बत्तीस माणसांची गाडी त्याच वेल्डवर, त्याच वळणावर, तोच भार टाकते. म्हणून ६ नोव्हेंबर २०२२ ला त्यांनी नेमेसिस बंद केला. जवळजवळ सगळा रूळ उतरवला, त्याच खड्ड्यात, त्याच आखणीनं नवा चढवला. १६ मार्च २०२४ ला तो ‘नेमेसिस रीबॉर्न’ म्हणून पुन्हा सुरू झाला. म्हणजे मी पाहत होतो तो नवा रोलरकोस्टर होता आणि जुनाही. आपल्याकडे पूल कोसळल्यावर त्याच्या वयाची चौकशी होते. इथं दिमाखात धावणाऱ्या वस्तूचं आयुष्य मोजून ती वेळेवर उतरवली, हे मला सगळ्या कोलांट्यांपेक्षा मोठं वाटलं.

बांधून झाल्यावर लगेच माणसं बसवत नाहीत. आधी एक लाकडी चौकट गाडीला बांधतात. बसलेल्या उंच माणसाचे हात आणि पाय ताणून जिथवर पोचतील तेवढी रुंद. ती गाडी सावकाश ओढत सगळ्या रुळावरून नेतात. चौकट कुठं खांबाला, कुठं कातळाला घासली तर तिथं काम बाकी आहे. मग माणसाच्या आकाराच्या पाणी भरलेल्या बाहुल्या आसनांत बसवून फेऱ्या काढतात, भरलेल्या, अर्ध्या भरलेल्या, रिकाम्या. बाहुल्या तक्रार करत नाहीत, पण गाडीवर लावलेली यंत्रं प्रत्येक वळणावरचा भार नोंदवतात.

‘पण आजोबा, गाडी उलटी झाल्यावर पडत का नाही?’ हा प्रश्न नातीनं विचारला होता, आणि बहुतेकांच्या मनात तोच असतो. आधी एक उत्तर वेगाचं. वेग पुरेसा असला की माथ्यावर माणूस आसनावर दाबला जातो. पाण्याची बादली जोरात गरगर फिरवली तर पाणी सांडत नाही, तसं. पण अभियंता नुसत्या वेगाच्या भरवशावर राहत नाही. गाडीला तीन जातींची चाकं असतात. एक रुळावर बसून भार घेणारी, दुसरी बाजूनं रुळाला टेकलेली, आणि तिसरी रुळाच्या उलट अंगाला, गाडी उचलू न देणारी. रूळ तिन्ही बाजूंनी पकडलेला. ही तिसरी चाकं जॉन मिलर या अमेरिकनानं शंभर वर्षांपूर्वी, १९१९ च्या सुमारास आणली, आणि आजचा प्रत्येक मोठा रोलरकोस्टर त्यांच्या जिवावर उलटा होतो. चढावर जी टक-टक-टक ऐकून पोटात गोळा येतो, ती बहुधा दातेरी पट्टीवर पडणाऱ्या खटक्याची असते. साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये म्हणून. ज्या आवाजाला आपण भितो तोच आपला राखणदार.

आणि ब्रेक. मोटारीत आपण ब्रेक दाबतो तेव्हा लागतो. रोलरकोस्टरवर बऱ्याचदा उलट असतं. ब्रेक लागलेलाच असतो. हवेच्या दाबानं तो उघडून धरायचा. वीज गेली, हवा गेली, नळी फुटली, तर ब्रेक आपोआप मिटतो. काही ठिकाणी नुसते कायमचे चुंबक असतात, त्यांना वीजच लागत नाही. बिघाड झाला तर तो सुरक्षित बाजूला व्हावा, असं हे सगळं शास्त्र आहे.

या शास्त्राचा मुकुटमणी म्हणजे ब्लॉक पद्धत. ही आगगाडीकडून घेतलेली. रूळ काही तुकड्यांत वाटायचा. एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी. पुढची गाडी बाहेर पडल्याची खूण संगणकाला मिळेपर्यंत मागची गाडी पुढे सोडायची नाही. संगणकाला दया नाही, घाई नाही, रांगेत उभ्या माणसांचे चेहरे त्याला दिसत नाहीत.

आणि तरीही, याच ऑल्टन टॉवर्समध्ये २ जून २०१५ ला अपघात झाला. नेमेसिसवर नव्हे, स्माइलर नावाच्या दुसऱ्या रोलरकोस्टरवर. तो २०१३ साली उघडला होता, चौदा वेळा उलटा होणारा, तोवरचा जागतिक विक्रम. त्या दिवशी वारा जोराचा होता. निर्मात्यानं घातलेल्या मर्यादेपेक्षा जास्त. रुळावर आणखी एक गाडी वाढवायची म्हणून ती आधी रिकामी सोडून पाहिली. वाऱ्यापायी आणि हलकी असल्यानं ती मधल्या खोलगट भागात अडकली. मागून सोळा प्रवाशांची गाडी निघाली होती. संगणकानं तिला चढावर थांबवलं. म्हणजे त्यानं आपलं काम चोख केलं. पण रिकामी गाडी अडकली आहे हे तंत्रज्ञांच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांना वाटलं, संगणकच चुकतो आहे. त्यांनी तो अडसर हातानं बाजूला सारला आणि गाडी पुढे सोडली. भरलेली गाडी रिकाम्या गाडीवर आदळली. सोळा माणसं जखमी झाली. दोन तरुण मुलींचा एकेक पाय कापावा लागला. लोकांना सोडवायला चार तासांहून अधिक वेळ लागला. २०१६ साली कोर्टानं चालक कंपनीला ५० लाख पौंड दंड केला. चौकशीत रूळ, गाडी, संगणक यांत दोष निघाला नाही. संगणकानं दिलेली थांब-सूचना कोणी, कधी आणि काय काय तपासून मग ओलांडायची, याची धड पद्धत त्या माणसांना घालून दिलेली नव्हती. दोष त्या पद्धतीचा ठरला.

त्या तंत्रज्ञांना नावं ठेवणं सोपं आहे. मला ते जमत नाही, आणि त्याचं कारण सांगायला मला सातारा जिल्ह्यात यावं लागेल.

१९८६ साल. मी तेव्हा उपअभियंता होतो. एका गावची चैत्रातली यात्रा. यात्रेत आकाशपाळणा यायचा, आणि तो चालू करण्याआधी तपासून कागदावर सही करण्याचं काम त्या वर्षी माझ्याकडे आलं. दुपारी गेलो. अवकाळी पाऊस पडून गेला होता. काळ्या मातीत स्लीपर टाकून त्यावर पाळणा उभा. मातीत पाय रुतत होता. मी स्लीपरखाली खडी भरून घ्यायला लावली. मग पेट्या पाहिल्या. बारा पेट्या, प्रत्येकीला दोन बाजूंना दांडे, आणि दांडा सरकू नये म्हणून टोकाला स्प्लिट पिन. कित्येक ठिकाणी पिनेच्या जागी पिळलेली तार होती. मी म्हटलं, ‘‘या बदला, मग सही.’’ मालक म्हणाला, ‘‘साहेब, आता पिना कुठनं आणू? तालुक्याचं दुकान पाचला बंद होतं. तार तीन पदरी आहे, गेली दोन वर्षं काय झालं नाही.’’ भोवती माणसं जमली होती. पोरं तर सकाळपासून पैसे मुठीत धरून उभी. गावातली दोन वजनदार माणसं आली, गोड बोलली. पालखी निघायची वेळ झाली होती. मी तारा हातानं ओढून पाहिल्या. घट्ट लागल्या. ‘उद्या सकाळी पिना बसवाव्यात’ असा शेरा मारून मी सही केली.

रात्री दहाच्या सुमाराला एक तार तुटली. नशीब एवढंच, की पेटी खालच्या बाजूला आली होती. पेटी एका अंगाला कलली आणि बारा-तेरा वर्षांचा मुलगा बाहेर फेकला गेला. कोपर मोडलं. शेऱ्यामुळे मला कोणी जाब विचारला नाही. कागदावर मी बरोबर होतो. त्या मुलाचा उजवा हात कोपरात पुन्हा पुरता सरळ झाला नाही, हे मी पुढच्या यात्रेत पाहिलं. तो आपल्या बापाच्या नारळाच्या दुकानात बसला होता आणि डाव्या हातानं पैसे मोजत होता.

स्माइलरचा अहवाल वाचताना मला तो संगणक दिसला, आणि त्याच्या जागी मला तालुक्याचं पाचला बंद होणारं दुकान दिसलं. दोन्हीकडे कोणीतरी ‘थांबा’ म्हणालं होतं. दोन्हीकडे रांग उभी होती.

खोपोलीजवळ इमॅजिका उद्यानात नायट्रो नावाचा रोलरकोस्टर आहे. २०१३ सालचा, नेमेसिस बांधणाऱ्या त्याच स्विस कंपनीचा. सुमारे चाळीस मीटर उंच, पाच वेळा उलटा करणारा, आणि आसनाखाली तळ नसलेला, म्हणजे इथंही पाय मोकळेच. नात मागच्या वर्षी भारतात आली तेव्हा आम्ही गेलो होतो. ती दोनदा बसून आली. मी खाली उभा राहून खांबांच्या तळाचे नट पाहत होतो, तर ती म्हणाली, ‘‘आजोबा, वर बघा ना!’’

यात्रेची गोष्ट थोडी उरली आहे. पुढच्या वर्षी, म्हणजे १९८७ साली, मी आपण होऊन ती तपासणी मागून घेतली. सकाळीच गेलो. तोच मालक, तोच पाळणा. मला पाहताच तो आत गेला आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आला. डब्यात नव्या स्प्लिट पिना होत्या. मी काही बोललो नाही, तोही बोलला नाही. आम्ही दोघं जमिनीवर बसलो. एकेक पेटी खाली आणायची, जुनी पिन काढायची, नवी घालायची, टोकं फाकवायची. चोवीस पिना. त्यांतल्या तीन मला सैल वाटल्या, त्या बाजूला काढल्या आणि सायकलवर माणूस पाठवून तालुक्याहून दुसऱ्या मागवल्या. तोवर संध्याकाळ झाली. पोरं शिट्ट्या मारत होती, एकानं मातीचं ढेकूळही फेकलं. पाळणा सुरू व्हायला रात्रीचे साडेआठ वाजले.